टाकीतली पातळी मोजायची कशी: लेव्हल सेन्सर निवडणं, बसवणं आणि तपासणं

बहुतेक लेव्हल सेन्सर पातळी थेट मोजतच नाहीत. कुणी तळाशी पडणारा दाब मोजतो, कुणी आवाज परत यायला लागलेला वेळ मोजतो, कुणी दोन सळयांमधून वीज वाहते का एवढंच पाहतो. त्या मोजमापावरून पातळी काढली जाते. म्हणून सेन्सर निवडताना एकच प्रश्न आधी विचारावा: हा नेमकं काय मोजतो, आणि माझ्या टाकीत पातळी तीच राहूनही ती गोष्ट बदलू शकते का? सेन्सर चुकतो तो जवळजवळ नेहमी याच वाटेने.

त्यानंतरचे प्रश्न साधे आहेत. फक्त मोटर चालू-बंद करायची आहे, की सतत आकडा हवा आहे? द्रव वीज वाहून नेतो का? त्यावर फेस येतो का, वाफ धरते का, तळाला गाळ बसतो का? तापमानाने त्याची घनता किती बदलते? टाकी उघडी आहे की बंद आणि दाबाखाली? भिंत धातूची की प्लास्टिकची? ही उत्तरं कागदावर लिहिल्याशिवाय सेन्सर मागवू नये.

फ्लोट: सगळ्यात जुना, अजूनही सगळ्यात भरवशाचा

छोट्या मॅग्नेटिक फ्लोट स्विचमध्ये मधल्या बंद नळीत रीड स्विच असतो आणि भोवतीच्या फ्लोटमध्ये चुंबक. फ्लोट वर आला की चुंबक रीडच्या पत्त्या एकमेकींना चिकटवतो. बहुतेक मॉडेलमध्ये फ्लोट काढून उलटा बसवला की नॉर्मली ओपनचा (एरवी उघडा राहणारा) नॉर्मली क्लोज्ड (एरवी जुळलेला) होतो. त्यामुळे वायरिंग करण्याआधी मल्टिमीटरची कंटिन्युइटी लावून फ्लोट हाताने वरखाली करून पाहावा.

रीड स्विचच्या पत्त्या नाजूक असतात, त्यांना साधारण अर्धा ते एक अँपियर इतकाच करंट झेपतो. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच ते सात पट ओढते. मोटरची वायर थेट यातून नेली की पत्त्या जळून एकमेकींना चिकटतात आणि टाकी भरून वाहू लागली तरी मोटर थांबत नाही. म्हणून फ्लोटने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटरचा मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचची, कॉइल चालवायची. कॉइलसुद्धा बंद होताना व्होल्टेजचा झटका देते. त्यासाठी एसी कॉइलवर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर लावावा, डीसी कॉइलवर उलटा डायोड.

टाकी भरण्यासाठी दोन फ्लोटचं सर्किट असं जोडतात: फेज आधी वरच्या फ्लोटमधून जातो, जो टाकी भरेपर्यंत बंद सर्किट ठेवतो. तिथून खालच्या फ्लोटमध्ये, जो पाणी खाली गेल्यावरच जुळतो. तिथून कॉइलला. खालच्या फ्लोटला समांतर कॉन्टॅक्टरचा नॉर्मली ओपन ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (कॉन्टॅक्टरबरोबरच जुळणारा छोटा जादा स्विच) जोडायचा. पाणी खाली गेलं की मोटर सुरू होते आणि खालचा फ्लोट सुटला तरी ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट ती धरून ठेवतो. वरचा फ्लोट उघडला की सगळं सुटतं. या रचनेत वरच्या फ्लोटची वायर तुटली तर मोटर बंद पडते, आणि ते योग्यच आहे. हाच फ्लोट उलट्या अर्थाने, म्हणजे ‘भरल्यावर जुळणारा’ असा लावला, तर तुटलेली वायर ‘टाकी अजून भरायची आहे’ असंच सांगत राहते.

हौदात किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात केबलला लटकणारा गोळा वापरतात. आतला स्विच गोळा कलंडला की बदलतो. वजनापासून गोळ्यापर्यंत केबल जितकी मोकळी सोडाल तितका चालू आणि बंद पातळीतला फरक वाढतो. ती फार आखूड ठेवली तर लाटेसरशी मोटर चालू-बंद होत राहते, फार लांब ठेवली तर गोळा पाइपला किंवा पंपाच्या साखळीला अडकतो. खड्ड्यात उतरण्याआधी गोळा पूर्ण वर्तुळात फिरवून तो कशाला लागतो का ते बघून घ्यावं.

फ्लोटचे शत्रू दोन. चिकटपणा आणि लोखंडाचा चुरा. गंजक्या पाइपातून येणाऱ्या पाण्यातले लोहकण चुंबकाला जाऊन चिकटतात आणि फ्लोट नळीवर अडकतो. अशा ठिकाणी फ्लोट दर काही महिन्यांनी काढून पुसावाच लागतो.

इलेक्ट्रोड: स्वस्त, पण डीसी लावू नका

टाकीत तीन सळया सोडायच्या. सगळ्यात लांब सळई कॉमन, मधली खालच्या पातळीसाठी, आखूड वरच्या पातळीसाठी. पाणी सळईला टेकलं की तिच्यातून कॉमनकडे बारीकसा करंट वाहतो आणि रिलेला, म्हणजे त्या करंटवरून चालू-बंद होणाऱ्या स्विचला, कळतं. टाकी धातूची असेल तर तिची भिंतच कॉमन म्हणून चालते. बॉयलरमध्ये, कॉफी मशिनमध्ये आणि उंचावरच्या पाण्याच्या टाक्यांमध्ये हीच पद्धत दिसते.

घरी केलेल्या सर्किटमध्ये हटकून होणारी चूक म्हणजे सळयांवर सतत डीसी व्होल्टेज ठेवणं. त्याने पाण्याचं विघटन होतं. प्लसकडची सळई विरघळत जाते, मायनसकडच्या सळईवर पांढरा थर बसतो आणि बुडबुडे धरतात. काही आठवड्यांत रीडिंग बिघडतं आणि विरघळलेला धातू पाण्यात जातो तो वेगळाच. म्हणून तयार लेव्हल रिले सळयांना कमी व्होल्टेजचा एसी देतात. मायक्रोकंट्रोलरने करत असाल तर पिन काही मिलिसेकंदांपुरतीच चालू करा, पुढच्या वेळी दोन्ही पिनांची दिशा उलटी करा, आणि मधला सगळा वेळ दोन्ही पिना शून्यावर ठेवा. सळया एसएस ३१६ च्या घ्याव्यात. तांब्याची उघडी तार वापरू नये.

सळईवर पीव्हीसीची नळी चढवून खालची दोन-तीन सेंटिमीटर टोकं तेवढी उघडी ठेवावीत. नाहीतर वरच्या प्लेटवर साचलेलं दव किंवा क्षारांचा ओला पापुद्रा दोन सळया जोडून टाकतो आणि टाकी रिकामी असतानाही रिले ‘भरली’ म्हणतो. पाणी शुद्ध असेल तशी रिलेची सेन्सिटिव्हिटी वाढवावी लागते. ऊर्ध्वपातित पाण्यात, तेलात आणि इंधनात मात्र ही पद्धत लावूच नये. आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. रिले आणि टाकीत शेकडो मीटर केबल असेल तर दोन वायरींमधल्या कपॅसिटन्समधूनच एसी गळतो आणि पाणी नसताना सिग्नल मिळतो. अशा वेळी रिले टाकीजवळ बसवून तिथून फक्त कॉन्टॅक्टच्या वायरी न्याव्यात.

दाबावरून पातळी

सतत आकडा हवा असेल तर बहुतेक ठिकाणी पहिला विचार याचाच करावा. तळाचा दाब म्हणजे घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. पाण्याच्या एक मीटर उंचीला सुमारे ९.८ किलोपास्कल. पृष्ठभागावर फेस असो, वाफ असो, टाकीत मध्येच पाइप असोत, या सेन्सरला फरक पडत नाही. फरक पडतो तो घनतेने. पाण्यावर सेट केलेला सेन्सर ०.८३ घनतेच्या डिझेलमध्ये सोडला तर दोन मीटर डिझेलला १.६६ मीटर दाखवेल.

पाण्यात सोडायच्या सेन्सरच्या केबलमध्ये वायरींसोबत एक बारीक हवेची नळी असते. तिच्यातून डायफ्रॅमच्या (दाब झेलणाऱ्या पातळ पडद्याच्या) मागच्या बाजूला बाहेरचा वातावरणीय दाब पोचतो, म्हणजे त्याची वजाबाकी आपोआप होते. या नळीचं टोक सीलबंद करणं, केबल घट्ट वाकवून नळी चेपणं, किंवा पाण्याने भरलेल्या जंक्शन बॉक्समध्ये ते सोडणं ही या सेन्सरच्या बिघाडाची सगळ्यात मोठी कारणं आहेत. नळी बुजली की हवामानासोबत पातळी हलायला लागते: वातावरणीय दाब एक हेक्टोपास्कलने बदलला की सुमारे एक सेंटिमीटर पाणी. वादळी हवेत दाब दहा हेक्टोपास्कलने सहज उतरतो, म्हणजे दहा सेंटिमीटरची चूक. टोक कोरड्या बॉक्समध्ये, सिलिका जेलच्या पुडीसह, आणि बॉक्सला हवा जायला जागा ठेवून बसवावं. जेलचा रंग बदलला की पुडी बदलावी.

रेंज टाकीच्या खोलीच्या जरा वरची घ्यावी. अचूकता पूर्ण रेंजच्या टक्क्यांत दिलेली असते. ०.५ टक्का म्हणजे पाच मीटरच्या सेन्सरवर अडीच सेंटिमीटर, पण पन्नास मीटरच्या सेन्सरवर पंचवीस. ‘पुढे लागला तर असू दे’ म्हणून मोठी रेंज घेतली की तीन मीटरच्या टाकीत ते रीडिंग कामाचं उरत नाही.

असे सेन्सर सहसा ४ ते २० मिलिअँपियर सिग्नल देतात. शून्य पातळीलाही ४ मिलिअँपियर असतात, त्यामुळे शून्य करंट दिसला तर टाकी रिकामी नसून वायर तुटलेली आहे हे लगेच कळतं. टक्केवारी काढायला करंटमधून ४ वजा करून १६ ने भागायचं आणि १०० ने गुणायचं. ० ते ५ मीटरच्या सेन्सरवर दीड मीटर पाण्याला ८.८ मिलिअँपियर यायला हवेत.

बसवताना आणि तपासताना हा क्रम ठेवावा:

१. सेन्सर हवेत उभा धरून करंट मोजा. ४.०० च्या अगदी जवळ हवा. इथेच ०.१ मिलिअँपियरचा फरक असेल तर पाच मीटरच्या रेंजवर तो तीन सेंटिमीटरहून जास्त होतो. तो आताच लिहून ठेवा.

२. सेन्सर तळाला टेकवू नका. गाळ साचतो त्या थराच्या वर, साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटरवर लटकवा आणि तेवढी उंची रीडिंगमध्ये मिळवा.

३. पाणी येण्याच्या धारेपासून आणि पंपाच्या सक्शनपासून लांब ठेवा. वाहत्या पाण्यात दाब बदलतो. जागा नसेल तर खाली भोकं पाडलेल्या उभ्या पाइपात सोडा. पाइपाला वरच्या बाजूलाही भोक हवं, नाहीतर आत हवा कोंडते.

४. टेप सोडून किंवा पट्टी बुडवून प्रत्यक्ष पातळी मोजा. किमान दोन ठिकाणी, एक तळाजवळ, एक काठाजवळ. दोन्हीकडे फरक सारखाच असेल तर शून्य सरकलेलं आहे. पातळीबरोबर फरक वाढत असेल तर घनता किंवा रेंजचं सेटिंग चुकलं आहे.

५. शेवटी कंट्रोलरकडचं व्होल्टेज पाहा. करंटच्या वाटेत २५० ओमचा रेझिस्टर लावला तर त्याच्यावर १ ते ५ व्होल्ट मिळतात. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला १५० ओम लावावा, म्हणजे ०.६ ते ३ व्होल्ट.

पाचव्या पायरीत एक सापळा आहे. दोन वायरींचा सेन्सर स्वतःसाठी किमान व्होल्टेज मागतो, बऱ्याचदा दहाच्या आसपास. १२ व्होल्टच्या सप्लायवर २५० ओम लावला तर रेझिस्टरसाठी उरतात दोनच व्होल्ट, म्हणजे करंट ८ मिलिअँपियरच्या पुढे जाऊच शकत नाही. टाकी कितीही भरली तरी आकडा पंचवीस टक्क्यांवर अडकतो आणि लोक सेन्सर बदलत बसतात. सप्लाय २४ व्होल्टचा घेतला की प्रश्न मिटतो.

बंद आणि दाबाखालच्या टाकीत तळाच्या दाबातून वरच्या वायूचा दाब वजा करावा लागतो. त्यासाठी दोन दाबांतला फरक मोजणारा डिफरन्शियल प्रेशर ट्रान्समीटर लावतात. त्याच्या वरच्या नळीत वाफ थंड होऊन पाणी साचलं की तो पातळी कमी दाखवतो. म्हणून बॉयलरच्या ड्रमवर ती नळी मुद्दामच पाण्याने भरून ठेवतात आणि त्या स्तंभाचा हिशेब सेटिंगमध्ये धरतात. वॉशिंग मशिनमध्येही तत्त्व दाबाचंच: ड्रमच्या तळाशी जोडलेल्या नळीत कोंडलेली हवा पाणी चढेल तशी दाबली जाते आणि वरचा प्रेशर स्विच बदलतो. मशीन पाणी घेतच राहिलं तर आधी ही नळी सुटली आहे का, फुटली आहे का, की साबणाने बुजली आहे, ते पाहावं.

अल्ट्रासॉनिक: वरून आवाज सोडून

सेन्सर झाकणावर बसतो, आवाजाची कंपनं खाली सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतो. २० अंश सेल्सियसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मायक्रोसेकंदांतला वेळ ५८ ने भागला की सेंटिमीटर मिळतात. टाकीच्या खोलीतून हे अंतर वजा केलं की पातळी.

दर अंशाला हा वेग सुमारे ०.६ मीटरने वाढतो. ४० अंशांना तो ३५५ होतो, म्हणजे साडेतीन टक्के जास्त. तीन मीटर अंतरावर ही दहा सेंटिमीटरची चूक झाली. चांगल्या सेन्सरमध्ये तापमानाची दुरुस्ती असते, पण ती सेन्सरच्या डोक्याजवळच्या तापमानावरून होते. डोकं उन्हात तापलेलं आणि आतली हवा गार असेल तर दुरुस्तीच चुकते. वर सावलीचं झाकण लावावं.

कंपन सोडून झाल्यावर तबकडी थोडा वेळ थरथरत राहते, तोवर तिला प्रतिध्वनी ऐकू येत नाही. म्हणून जवळचं काही अंतर आंधळं असतं. हौशी कामात लोकप्रिय असलेल्या जेएसएन-एसआर०४टी या वॉटरप्रूफ मॉड्यूलमध्ये ते सुमारे २० ते २५ सेंटिमीटर आहे. टाकी काठोकाठ भरते तिथे सेन्सर झाकणाच्या वर छोट्या पाइपावर उंच बसवावा लागतो. त्या पाइपाची आतली कड गुळगुळीत घासून घ्यावी. वेल्डिंगचा एखादा थेंब किंवा गॅस्केटची आत आलेली कडसुद्धा खोटा प्रतिध्वनी देते. एचसी-एसआर०४ मॉड्यूल दोन सेंटिमीटरपासून वाचतं, पण ते उघडं असतं, बंद टाकीतल्या ओलाव्यात गंजतं.

या मॉड्यूलची इको पिन, म्हणजे प्रतिध्वनीचा वेळ सांगणारी पिन, ५ व्होल्ट देते. ३.३ व्होल्टच्या बोर्डाला ती १ किलोओम आणि २ किलोओमच्या रेझिस्टरांच्या डिव्हायडरमधून, म्हणजे व्होल्टेज वाटून कमी करणाऱ्या जोडीतून, जोडावी. दोन मोजण्यांमध्ये किमान ६० मिलिसेकंद सोडावेत, नाहीतर आधीचा प्रतिध्वनी नव्या मोजणीत मिसळतो. सात रीडिंग घेऊन क्रमाने लावावीत आणि मधलं वापरावं. सरासरी काढू नये, कारण एकच भलतं रीडिंग सरासरीला ओढून नेतं.

फेस आवाज गिळून टाकतो. इंधनाची किंवा द्रावकाची वाफ आवाजाचा वेग बदलते. निर्वातात आवाज जातच नाही. सेन्सरवर दवाचे थेंब धरले की प्रतिध्वनी विरतो.

बाकीचे प्रकार थोडक्यात

अल्ट्रासॉनिक जिथे हरतो तिथे रडार लावतात. रेडिओ लहरींचा वेग तापमानाने किंवा वाफेने जवळजवळ बदलत नाही. त्यांना अडचण येते ती द्रवाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकाची, म्हणजे द्रव या लहरी किती परतवतो हे ठरवणाऱ्या आकड्याची: सुमारे ८० असलेल्या पाण्यावरून पाठवलेल्या ऊर्जेपैकी अंदाजे ६४ टक्के परत येते, तर २ च्या जवळ असलेल्या तेलावरून तीनच टक्के. ८० गिगाहर्ट्झच्या रडारचा झोत अरुंद असतो, त्यामुळे शिड्या आणि ढवळण्याचे दांडे चुकवता येतात. नद्यांच्या पुलांखाली आणि धरणांवरही रडार बसवलेले असतात.

प्लास्टिकच्या किंवा काचेच्या टाकीला बाहेरून चिकटवायचा सेन्सर कपॅसिटिव्ह असतो. धातूच्या भिंतीतून त्याला काहीच दिसत नाही. आतल्या भिंतीला चिकट द्रवाचा थर राहिला तर त्याला पातळी वरच वाटते.

ऑप्टिकल सेन्सरच्या टोकाला प्रिझम असतो. हवेत त्याच्या ४५ अंशांच्या कडेवरून इन्फ्रारेड प्रकाश पूर्ण परावर्तित होऊन परत येतो; द्रव लागला की तो बाहेर निसटतो. आडवा बसवावा, म्हणजे टोकावर थेंब लटकून राहत नाही. ह्युमिडिफायर, छोटे चिलर, प्रयोगशाळेतली यंत्रं यांत तो शोभतो. दुधासारख्या द्रवात किंवा स्फटिक धरणाऱ्या द्रावणात तो घेऊ नये.

कंप पावणारा काटा द्रवात बुडला की त्याची फ्रिक्वेन्सी उतरते. त्याला फेस, रंग, वाहकता यांची पर्वा नसते. बिंदुपातळीसाठी, म्हणजे द्रव ठरलेल्या एका उंचीला पोचला का एवढंच कळण्यासाठी, पैसे खर्च करायची तयारी असेल तर हाच घ्यावा. फक्त दाट लगद्यात दोन दात आपसात बुजतात. पेट्रोल पंपांच्या जमिनीखालच्या टाक्यांत मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह, म्हणजे चुंबकी फ्लोटची जागा ओळखणारी, दांडी असते. तिच्यावरचा एक फ्लोट इंधनावर आणि दुसरा तळाला साचलेल्या पाण्यावर तरंगतो. इंधनाच्या टाकीत काहीही सोडायचं तर ते स्फोटक वातावरणासाठी प्रमाणित आणि इन्ट्रिन्सिक सेफ्टी बॅरियरमधूनच (ठिणगी पडणार नाही इतकी कमी वीज जाऊ देणाऱ्या उपकरणातूनच) जोडलेलं हवं. तिथे घरगुती मॉड्यूल वापरायचं नाही, प्रयोग म्हणूनसुद्धा.

पातळीवरून लिटर

उभ्या टाकीत पातळी आणि साठा सरळ प्रमाणात असतात. आडव्या सिलिंडरमध्ये तसं नसतं. सपाट टोकांची टाकी उंचीच्या १० टक्के भरली तर आत ५.२ टक्केच द्रव असतो, २५ टक्क्यांना १९.६ आणि ५० टक्क्यांना ५०. कंट्रोलरमध्ये दहा-वीस बिंदूंचा तक्ता भरावा आणि मधले आकडे त्यावरून काढावेत.

दुसरा, स्वतंत्र स्विच

आकडा दाखवणारा सेन्सर आणि ओव्हरफ्लो थांबवणारा स्विच हे वेगळे असावेत, आणि शक्यतो वेगळ्या तत्त्वावर चालणारे. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी इथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात १७० फूट उंचीचा मनोरा भरून वाहिला, स्फोट झाला आणि १५ जण मरण पावले. तिथला डिस्प्लेसर प्रकारचा ट्रान्समीटर, द्रव त्यात बुडालेल्या दांड्याला किती उचलतो यावरून, पातळी काढत होता. त्याचं कॅलिब्रेशन चुकीच्या घनतेवर होतं आणि तो पूर्ण बुडाला होता. द्रव तापून हलका होत गेला तसा आकडा हळूहळू उतरताना दिसला. प्रत्यक्षात मनोरा भरत होता. उंच पातळीच्या स्वतंत्र अलार्मनेही दगा दिला.

त्याच वर्षी ११ डिसेंबरला इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत पेट्रोलची टाकी भरताना गेजचं रीडिंग पहाटे तीनच्या सुमारास अडकलं आणि भरणं चालूच राहिलं. सहाच्या सुमारास स्फोट झाला. स्वतंत्र हाय-लेव्हल स्विच तिथे होता, पण त्याची चाचणीची कळ कामाच्या जागी धरून ठेवणारं कुलूप बसवलेलं नव्हतं, त्यामुळे तो चाललाच नाही.

दोन्हीकडे अडकलेला किंवा उलटा चाललेला आकडा पडद्यावर दिसत होता. हे सॉफ्टवेअरमध्ये पकडणं अवघड नाही: पंप चालू आहे, इनलेटचा फ्लो मीटर फिरतोय, आणि पातळी ठरावीक मिनिटांत अपेक्षेइतकी हललेली नाही, तर अलार्म वाजवायचा आणि पंप थांबवायचा. छोट्या टाकीलाही ही अट लावता येते. मोटर चालू झाल्यापासून टाकी भरायला लागणाऱ्या वेळेच्या सव्वापट वेळ गेला तरी वरचा स्विच आला नाही, तर मोटर बंद करून माणसाला बोलवायचं.

हाय-लेव्हल स्विचची चाचणी कंट्रोल पॅनेलवरचं बटण दाबून होत नाही. त्याने फक्त दिवा आणि रिले तपासले जातात. फ्लोट हाताने उचलून, किंवा काटा भांड्यातल्या द्रवात बुडवून, पंप खरोखर थांबतो का ते पाहावं. चाचणी झाल्यावर स्विच आणि त्याची कळ कामाच्या स्थितीत परत आल्याची दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यावी, आणि तारीख त्याच बॉक्सच्या दारावर लिहावी.